रस्त्याकडचे सात चौकोन

ही गोष्ट मी लहान असतानाची आहे. तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते. आज पासष्टीत बसून त्या पोरीकडे पाहते तेव्हा वाटतं, हिचा कान धरून हिला कोणी घरी का नाही बसवलं? पण कान धरणारं कोणी उरलंच नव्हतं. तिथूनच तर सगळं सुरू झालं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी अकोल्याच्या एका सरकारी कचेरीतून निवृत्त झाले. आवक-जावकच्या टेबलावर तीस वर्षं काढली. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, गेलेल्या कागदाला नंबर द्यायचा, वहीतला एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. त्याच वर्षी हे गेले. मुलगा, सून आणि नात पुण्याला. चार खोल्यांच्या घरात एकच पंखा फिरायला लागला, मी ज्या खोलीत असेन तिथला. एका दुपारी स्वयंपाकघरातून मी सवयीनं विचारलं, "चहा मांडू का?" आणि उत्तर आलं नाही म्हणून चक्क चिडले. मग कळलं की कोणावर चिडले. चहा एकटीचा मांडला आणि तोही उतू घालवला.

पुढच्या महिन्यात मी अमरावतीच्या एका कॉलेजात पदवीला नाव घातलं. विषय: वन्यजीव परिसंस्था आणि व्यवस्थापन. तीन वर्षांचा अभ्यासक्रम. हाच का, असं सगळ्यांनी विचारलं. एकोणिसाव्या वर्षी मी याच गावात सायन्सच्या पहिल्या वर्षाला होते. परीक्षेच्या तारखेआधी लग्नाची तारीख निघाली. त्या एकोणीस वर्षांच्या बावळट पोरीला तेव्हा एवढंच दुःख झालं होतं, की बेडूक कापायचा राहिला. आता पुन्हा शिकायचं तर प्राण्यांचंच शिकायचं, असं मी ठरवलं. शिवाय माहितीपत्रकावर वाघ होता. मी वाघाला भुलले.

"आई, वाघच पाहायचा असेल तर सफारीचं बुकिंग करून देतो ना मी," मुलगा फोनवर म्हणाला.

"पाहायचा नाही. शिकायचा आहे."

अर्जाच्या खिडकीवरचा माणूस कागद उलटसुलट करत म्हणाला, "विद्यार्थ्याले पाठवा मावशी. पालकांची सही नंतर लागते."

"विद्यार्थी समोर उभा आहे," मी म्हटलं, "अन् पालक वर गेलेत."

बिचाऱ्यानं लगेच अर्जावर शिक्का मारला. मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. पुढची अडीच वर्षं ते कौतुक उतरण्यातच गेली.

राजापेठेत मी एक खोली घेतली. खाली शिकवणीचे वर्ग, समोर झेरॉक्सवाला, रस्ताभर स्कूट्या. दिवसभर खालची पोरं रसायनशास्त्राची सूत्रं म्हणायची आणि ती माझ्या फरशीतून वर यायची. शनिवारी मी अकोल्याला जायची, घराच्या खिडक्या उघडायची, तुळशीला पाणी घालायची, रविवारी खिडक्या लावून परत. दोन गावांत दोन घरं आणि दोन्हीकडे कुलूप उघडणारी मीच.

वर्गात अठरा मुलं होती. ती मला 'आजी' म्हणायची. पहिल्या दिवशी मला राग आला, दुसऱ्या दिवशी मी लाडू घेऊन गेले. लाडू संपले, पण कोणी शेजारी बसलं नाही. वाईट नव्हती पोरं. मी कँटीनमध्ये शिरले की फक्त बोलायची थांबायची, जशी आपण मास्तर आल्यावर थांबायचो. वर्गाचा मोबाइलवर एक ग्रुप होता, त्यात मी होते. दुसरा एक ग्रुप होता, त्यात मी नव्हते, आणि सगळ्या गमतीजमती तिथं चालायच्या. हे मला कसं कळलं? एकदा एका मुलीनं चुकून माझ्या ग्रुपवर लिहिलं, "आजीला सांगू नका, चहाला जाऊ." मी त्याखाली 'ठीक आहे'चा अंगठा टाकला. आज हसू येतं. तेव्हा त्या अंगठ्यानंतर मी दोन तास खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते.

एक माणूस मात्र माझ्याशी बाकीच्यांसारखंच वागायचा. आमचे सर. वय बत्तीस, माझ्या मुलापेक्षा लहान. मी त्यांना सर म्हणायची, ते मला मॅडम म्हणायचे, आणि चूक केली की सगळ्यांसारखेच बोलायचे. पहिल्याच वर्षी त्यांनी नोंदी घ्यायला शिकवलं. मी जिथं काही दिसलं नाही तिथं रेघ मारली होती. त्यांनी वही माझ्यासमोर आपटली.

"मॅडम, ही रेघ कशाची?"

"काही दिसलं नाही सर."

"मग शून्य लिहा. रकाना मोकळा सोडला किंवा रेघ मारली तर वाचणाऱ्याला वाटेल, तुम्ही गेलाच नाहीत. शून्य म्हणजे तुम्ही गेलात, नीट पाहिलं, आणि तिथं काही नव्हतं. मोकळा रकाना आणि शून्य यांत फरक असतो."

तीस वर्षं रकाने भरलेल्या बाईला हे कोणी सांगावं? मी मनातल्या मनात फणफणले. पण शून्य लिहायला लागले.

शेवटच्या वर्षी प्रत्येकानं प्रकल्प करायचा होता. त्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. एप्रिलपर्यंत अहवाल, मग बाहेरच्या परीक्षकांसमोर तोंडी परीक्षा. मुलांनी वाघ घेतला, अस्वल घेतलं, घुबड घेतलं. मीही वाघ मागितला. सरांनी माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"रोही घ्या मॅडम."

रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. आमच्या वऱ्हाडात ती घरोघरच्या तक्रारीत असते. वावरात शिरते, हरभरा खाते, तूर मोडते. वाघ शिकायला आलेल्या बाईनं रोही घ्यायची म्हणजे पुरणपोळीला बसून वाटीभर वरण मिळण्यासारखं. पण घेतली. अंजनगाव सुर्जीच्या पुढे सरांच्या ओळखीचं एक शेत होतं. शेतमालकाला मी फोनवर परवानगी विचारली, तर तो म्हणाला, "मोजा न बाई, खुशाल मोजा. मोजून झाल्यावर घेऊनच जा सगळ्या."

काम साधं होतं. शेतात बारा चौकोन आखायचे, चार कोपऱ्यांना पांढरे खुंट ठोकून दोरी बांधायची. सात चौकोन रस्त्याकडच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, पाच पार तिकडे नाल्याकडे. दर गुरुवारी जाऊन प्रत्येक चौकोनात रोहीच्या लेंड्यांचे किती नवे ढीग पडले ते मोजायचे. मोजून झालं की ढीग उचलायचे, म्हणजे पुढच्या आठवड्यात तेच पुन्हा मोजले जात नाहीत. थोड्या लेंड्या थैलीत भरून कॉलेजात आणायच्या, वाळवायला. चौकोनात किती पडतात यावरून रोही शेताच्या कुठल्या भागात जास्त वावरते ते कळतं. ज्या बाईनं आयुष्यभर दारातलं शेण दुसऱ्याकडून उचलून घेतलं, ती बाई सकाळी सहाच्या एसटीनं दोन-अडीच तास बसून लेंड्या वेचायला निघाली. नातीनं फोनवर विचारलं, "आजी, तुझा होमवर्क शी आहे का?" मी म्हटलं, "हो बेटा, पण मोजून केलेला."

त्या शेतात एक बाई राखणीला असायची. शेतमालकाची आई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, कपाळ मोकळं, पायात मुलाचे जुने बूट. धुऱ्यावरच्या खोपीत बसून ती दिवसभर डबा वाजवायची आणि रोही हाकलायची. म्हणजे ती ज्यांना हाकलायची, मी त्यांनाच मोजायला आले होते. पहिल्या दिवशी मी तिला शुद्ध मराठीत प्रकल्पाचा उद्देश समजावून सांगितला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी पुण्याच्या का?"

झोंबलं मला. माझी आई दर्यापूरकडची, घरात वऱ्हाडीच बोलायची. कचेरीत साहेबांसमोर बोलता बोलता ती भाषा माझ्या तोंडून कधी गेली ते कळलंच नाही. "नाही हो," मी म्हटलं, "अकोल्याची."

"मंग अकोल्यासारखं बोला न. कायच्यासाठी आल्या?"

"लेंड्या मोजाले."

"हां!" ती म्हणाली. "आता समजलं. बसा, चहा मांडतो." आमच्याकडच्या बायका 'मांडतो'च म्हणतात.

दर गुरुवारी ती चहा द्यायची. तीन दगडांची चूल, काळं पडलेलं गंज, म्हणजे पातेलं, त्यात आलं ठेचून. ती मला मास्तरीणबाई म्हणायची. आमच्यात फार बोलणं व्हायचं नाही. ती तुरीकडे पाहायची, मी वहीकडे पाहायची. पण आठवड्यातून एकदा कोणीतरी मी एसटीतून उतरायच्या आधी दोन कप धुऊन ठेवतं, ही गोष्ट मी राजापेठेच्या खोलीत सात दिवस पुरवून पुरवून वापरायची.

पहिले दोन गुरुवार जवळजवळ कोरेच गेले. रस्त्याकडच्या सातही चौकोनांत शून्य. नाल्याकडे एखादा ढीग. ती विचारायची, "सापडलं का काई?" मी तोंड एवढंसं करून म्हणायची, "कुठलं सापडते! एवढ्या लांबून आली, अन् थैली रिकामी घेऊन चालली." हे मी बोलले. माझ्याच तोंडानं बोलले. ते तोंड पाडलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

तिसऱ्या गुरुवारी रस्त्याकडच्या चौकोनांत ढीगच ढीग. चौथ्याला आणखी. पाचव्याला, सहाव्याला वहीची पानं पुरेनात. नाल्याकडे मात्र पहिल्यासारखंच, एखादा. मी हरखले. रोही माणसाला बुजते, वाहनाला बुजते, असं प्रत्येक पुस्तक सांगत होतं. माझी रोही रस्त्याला चिकटून होती! कोणाला न दिसलेलं मला दिसलं होतं. मी रात्रंदिवस विचार करून एक सिद्धांत काढला. नाल्याकडे गावची कुत्री फिरतात, रस्त्याकडे फिरत नाहीत, म्हणून रोही रस्त्याचा आडोसा घेते. त्याला मी नावही दिलं: 'रस्त्याची ओढ'. रस्त्याकडच्या ढिगांत काही बारीक लेंड्याही होत्या. त्यावरून मी लिहिलं, की कळपात पिल्लं भरपूर असून भविष्य आशादायक आहे.

जानेवारीच्या सुरुवातीला वर्गासमोर प्रत्येकानं आपलं काम मांडलं. मी मोरपंखी साडी नेसून गेले. आलेख दाखवला. रस्त्याकडे उंचच उंच काठ्या, नाल्याकडे बुटक्या. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ज्या मुलीनं चहाचं लपवलं होतं ती म्हणाली, "आजी, भारी!" आणि त्या दिवशी त्यांनी मला चहाला नेलं. मी तिघींमध्ये खेटून बसले आणि गरम चहानं जीभ पोळून घेतली, कारण हळूहळू प्यायले तर त्या उठून जातील असं वाटत होतं.

सर टाळ्या वाजवत नव्हते. "विलक्षण आहे मॅडम," ते म्हणाले. "अगदी विलक्षण. पुन्हा एकदा नीट पाहा."

मला वाटलं, जळतात.

संक्रांतीच्या आठवड्यात गुरुवारी कॉलेजात काम होतं, म्हणून मी बुधवारीच निघाले. तसं निघायचं आणखी एक कारण होतं. आमच्या गल्लीत हळदीकुंकवाची धामधूम चालली होती. बायका वाण घेऊन जिना चढायच्या, समोरच्या दारी थांबायच्या, माझ्या दाराशी आल्या की पदर सावरून "काय, बरं आहे ना?" असं विचारून पुढे जायच्या. त्यांचं काही चुकत होतं असं नाही. कुंकू पुसलेल्या बाईला कोण बोलावणार? मीही अकोल्यात वर्षानुवर्षं अशीच पुढे गेले होते. आता दाराच्या या बाजूला उभी राहून पाहत होते, एवढंच.

मी येणार हे तिला माहीत नव्हतं. पांदणीतून चालत वावरात शिरले तर ती माझ्या तीन नंबरच्या चौकोनात वाकलेली. हातात टोपलं. टोपल्यातून ओंजळ भरून लेंड्या काढत होती आणि दोरीच्या आत व्यवस्थित ढीग घालत होती. एक ढीग घातला, मागे सरून पाहिलं, पसंत पडला नाही, हातानं थोडा विस्कटला. रांगोळी घालताना करतात तसं.

"बाई! हे काय करून राहिल्या?"

ती दचकली. मग हसली. चोरी सापडल्याचं ते हसणं नव्हतं. पाहुणा वेळेआधी आला आणि स्वयंपाक व्हायचाय, तसं ते होतं.

"आज कावून आल्या? उद्या येणार होत्या न! माह्यं तं अजून अर्धंच झालं."

"हे... हे सगळं तुमी टाकलं? एवढे दिवस?"

"मंग? म्या रोही इकडे येऊ देतो का? पोरानं मले कायले बसवलं इथं! पन तुमी एवढ्या दुरून येता, अन् रिकामी थैली घेऊन जाता. मले रातभर बरं नाई वाटे. तिकडे परड्यात पडतात लेंड्या, बांदावर पडतात. गोया करतो अन् टाकतो."

"पण रस्त्याकडेच का?"

"तुमचे गुडघे दुखतात न माय. नाल्यापावतर कायले जाता?"

मी धुऱ्यावर बसले. 'रस्त्याची ओढ' डोळ्यांसमोरून गेली. त्यात गावची कुत्री होती, आडोसा होता, मोरपंखी साडी होती. मग एकदम आठवलं.

"अन् थ्या बारीक लेंड्या?"

तिनं जरा ओशाळून टोपलं मागे घेतलं. "थ्या शेळीच्या. मांगच्या दोन वेळा कमी पडल्या होत्या."

भविष्य आशादायक असलेली माझी पिल्लं!

मी हसायला लागले. मग हसताना तोंड वाकडं व्हायला लागलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, टोपलं खाली ठेवलं आणि शेजारी बसली. रस्त्यावरून दोन बायका वाण घेऊन चालल्या होत्या, नव्या साड्यांत. त्या वळणाआड जाईपर्यंत ती त्यांच्याकडे पाहत होती.

"तुमी सवाशीण असत्या, मी सवाशीण असती, तं तुमची ओटी भरली असती," ती म्हणाली. "दारातून बाईमाणूस रिकामं धाडू नाई. पन तुमाले घेता येत नाई, अन् मले भरता येत नाई. मंग काय द्याव? तुमाले लेंड्याच पायजे होत्या."

मी तिला काहीच सांगितलं नाही. चहा प्यायले आणि एकही चौकोन न मोजता परतले.

पुढचे दिवस मी राजापेठेच्या खोलीत काढले. खाली पोरं सूत्रं म्हणत होती, मी वर पलंगावर बसून त्या एकसष्ट वर्षांच्या पोरीशी भांडत होते. ती फार चलाख होती. ती म्हणायची, कोणाला कळणार आहे? आलेख सुंदर आहे. टाळ्या पडल्यात. चहाला नेतात आता. आणि सरांना सांगितलं तर ते म्हणतील, ती जागाच सोडा, दुसरीकडे जा. मग नव्यानं मोजायला वेळ कुठे? प्रकल्प गेला तर पदवी गेली. मुलगा म्हणेल, मी म्हटलंच होतं. आणि जागा गेली तर गुरुवार गेला. तिला सांगायचं तरी कसं, की बाई, तुम्ही दिलेलं सगळं मला फेकावं लागतं?

मी शनिवारी अकोल्याला गेले नाही. तुळस वाळली असेल असं मनात आलं, तरी गेले नाही.

सोमवारी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. शेळीचंही. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. हसू दाबत होते हे मला दिसत होतं.

"नाल्याकडचे पाच चौकोन?" त्यांनी विचारलं.

"तिकडे ती गेली नाही. तिचेही गुडघे दुखतात."

"म्हणजे ते पाच खरे. रस्त्याकडच्या सातांच्या पहिल्या दोन आठवड्यांनंतरच्या नोंदी काढून टाका. का काढल्या ते स्पष्ट लिहा. अजून सहा गुरुवार मिळतील. आता जे पडेल ते."

"जागा बदलू का सर?"

"त्या बाईंना थांबायला सांगता येईल?"

"येईल," मी म्हटलं. येईल की नाही ते मला माहीत नव्हतं.

त्या गुरुवारी मी अकोल्यासारखं बोलले. आधी चहा घेतला, मग सांगितलं. रोही जिथं जाते तिथं स्वतः पाडते, तेवढंच मोजायचं असतं. माणसानं टाकलेलं धरता येत नाही. तिचा चेहरा उतरत गेला.

"म्हंजे म्या तुमचं नुसकान केलं."

"तसं नाही हो बाई."

"तसंच हाये." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "आता नाई टाकत. पन मंग तुमी रिकाम्याच जासान?"

"हो. रिकामंच लिहाव लागते."

"रिकामंबी लिहितात? कसं?"

मी वही उघडून तिला दाखवलं. रकान्यात शून्य काढलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "गोल," ती म्हणाली. "बस, गोल काढाचा?" आणि उठून डबा वाजवायला गेली, तिकडे रोही नसतानाही.

त्याच्या पुढच्या गुरुवारी खोपीत चूल पेटलेली नव्हती. ती पार तिकडे, तुरीच्या पलीकडे उभी होती. मी हात वर केला. तिनंही केला. पण आली नाही. आपण जवळ गेलो तर पुन्हा काही बिघडेल अशी तिला धास्ती बसली असावी. मी एका चौकोनावरून दुसऱ्यावर जात राहिले. एक नंबर, शून्य. दोन नंबर, शून्य. तीन नंबर, जिथं ती रांगोळीसारखे ढीग घालायची, शून्य. डबा अधूनमधून वाजत होता. सात शून्यं काढून मी मान वर केली तेव्हा तिकडून आवाज आला.

"गोल का वो?"

"गोल!" मी ओरडले.

बस, एवढंच. ती तुरीपलीकडे, मी धुऱ्यावर, मधे सगळं वावर. चार गुरुवार असेच गेले. "गोल का वो?" "गोल!" मग मी एसटी पकडायची. फाट्यावरच्या टपरीवर चहा मिळत होता, पण मी घेत नव्हते. वर्गातल्या मुलींनी चहाला बोलावणं हळूहळू थांबवलं. माझ्या नव्या आलेखात दाखवण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याकडे काठ्याच उभ्या राहत नव्हत्या. सिद्धांताची पानं मी वहीतून फाडली नाहीत. सर म्हणाले, राहू द्या, तेही लागतं.

फेब्रुवारी संपत आला. तूर निघाली, हरभरा सोंगायला आला. सहावा, शेवटचा गुरुवार. मी एक नंबर पाहिला, शून्य. दोन नंबर, शून्य. तीन नंबरच्या दोरीशी वाकले आणि तशीच राहिले. चौकोनाच्या मधोमध एक ढीग होता. ताजा, काळा, चकाकणारा.

तिकडून हाक आली. "गोल का वो?"

मी वाकल्या वाकल्याच ओरडले, "गोल नाही! हाये! एक हाये!"

क्षणभर डबा थांबला. आणि मग ती चालत, जवळजवळ पळत, मुलाच्या बुटांतून पाय निसटत असताना, हरभऱ्यातून आडवी माझ्याकडे यायला लागली. दोन्ही हात वर करून.

"म्या नाई टाकलं! मास्तरीणबाई, मायच्यान सांगतो, म्या नाई टाकलं!"

"थांबा," मी म्हटलं. "तिथंच थांबा. पाय टाकू नका."

ती दोरीशी थबकली. मी गुडघ्यांवर बसले. ढिगाशेजारी ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, दोन फाकांचे, टोकाला निमुळते. दोरीवरून आत आले होते आणि रस्त्याकडे न जाता नाल्याच्या दिशेनं परत गेले होते. बुटाचा एकही ठसा नव्हता. मी शिकलेली बाई होते. आधी खुरं पाहिली, मग तिच्यावर विश्वास ठेवला. ती सगळा वेळ हात वर धरून उभी होती.

"रोहीचंच आहे," मी म्हटलं.

"पाहा! म्या म्हनलं होतं न!" तिनं हात खाली घेतले. मग हळूच म्हणाली, "काल दुपारी जराशी डोया लागला होता माह्या. तवाच घुसली असन. पोराले सांगू नका."

मी रकान्यात एक लिहिला. तिनं तो वाकून पाहिला, गोलापेक्षा बारीक वाटला असावा. "एवढंच?" म्हणाली. आणि चूल पेटवायला गेली.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी 'वगळलेल्या नोंदी' हे पान उघडून विचारलं, "हे काय आहे?" मी सांगितलं. ते एवढे हसले की शिपाई आत डोकावला. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ऋणनिर्देशात त्या बाईंचं नाव का नाही?"

बारा चौकोनांचे अक्षांश-रेखांश माझ्याजवळ होते. तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. ती मास्तरीणबाई म्हणायची, मी बाई म्हणायची, आणि ते पुरत होतं.

मला दुसरा वर्ग मिळाला. पदवी अकोल्याच्या कपाटात आहे, यांच्या फोटोमागे. राजापेठेची खोली सोडली. घरात आता दोन पंखे फिरतात, दुसरा मी उगाच लावून ठेवते. गुरुवारी पहाटे पाचला जाग येते आणि जायला कुठे नसतं, म्हणून मी वही काढते आणि दाराशी बसते. संध्याकाळी त्या दिवशी कोण आलं ते लिहिते. बरेचदा गोल असतो. पण रकाना मोकळा सोडत नाही.

दिवाळी झाली की तूर वाढते आणि राखण सुरू होते. तेव्हा एक गुरुवार मी अकोटच्या वाटेनं अंजनगावला जाते. आता थैली नेत नाही. पहिल्या वर्षी तिनं रिकामे हात पाहून विचारलं होतं, "आज काय मोजाले आल्या?"

"तुमचं नाव विचाराले," मी म्हटलं.

तिनं सांगितलं. ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. इथं लिहीत नाही, कारण डोळा लागल्याचं पोराला कळेल.